सतराव्या पानाची मावशी

मावशी पहिल्यांदा प्रभाग कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीशी आल्या, तेव्हा फक्त भूकंप व्हायचा राहिला. बाकी सगळं झालं. छतावरचा पंखा, जो कुणाच्याही सांगण्यावरून आजवर थांबला नव्हता, तो जागच्या जागी थांबला. स्टँडवर लोंबकळणारे सात रबरी शिक्के सावधान स्थितीत उभे राहिले. रांगेतले दोघे पुरुष नंबरावरून एकमेकांची कॉलर धरायच्या बेतात होते, ते आपोआप भिंतीला चिकटले आणि मधून वाट तयार झाली. त्या वाटेने पावणेपाच फूट उंचीची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक बाई काखेत खाकी पाकीट धरून अशी चालत आली, की खिडकीमागच्या आवक-जावक कारकुनाला आपण आजवर केलेल्या सगळ्या चुका, अगदी तिसरीत शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवलेल्या गणितापासून, ओळीने आठवल्या. तो उठून उभा राहिला. साहेब आले तरी तो अर्धाच उठत असे.

पंखा वीज गेल्यामुळे थांबला होता, हे खरं. पण विजेनेही नेमकं तेव्हाच का जावं?

"बसा," मावशी म्हणाल्या. कारकून बसला.

"कागद घेणारे तुम्हीच ना?"

"हो. आवक."

"आणि देणारे?"

"तेही मीच. जावक."

"म्हणजे येणंही तुमच्या हातात आणि जाणंही तुमच्याच हातात. अहो, एवढी सत्ता असून पंखा नाही?"

रांगेत हशा पिकला. कारकुनाने मान खाली घालून अर्ज उलगडला. अर्जात तीन वाक्यं होती. छापखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह बांधून साडेपाच वर्षं झाली. त्याला कुलूप आहे. ते काढावं.

कारकुनाच्या अकरा वर्षांच्या नोकरीत इतका तोकडा अर्ज आला नव्हता. लोक अर्जात आपल्या आजोबांपासून सुरुवात करायचे. "मावशी, याला विषय नाही, संदर्भ नाही," तो म्हणाला. "निदान संदर्भ तरी लिहा."

"संदर्भ पाहिजे? घ्या लिहून." मावशींनी डोळे मिटले आणि पाठ म्हणावं तसं म्हटलं, "'काम करणाऱ्या प्रत्येकास कामाच्या ठिकाणी न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती लाभावी यासाठी शासन.'"

कारकून लेखणी उचलून थांबला. मावशीही थांबल्या.

"शासन... काय?" त्याने विचारलं.

"ते मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "तिथे सतरावं पान संपतं."

हे ऐकून त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं कारकुनाला वाटलं, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. खरी गोष्ट त्याला हळूहळू कळत गेली.

मावशी गल्लीतल्या एका बाइंडिंगखान्यात एकतीस वर्षं कामाला होत्या. लांबलचक खोली, खोलीइतकंच लांब टेबल, एका टोकाला कागद कापायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला खळीचं पातेलं आणि मध्ये अकरा बायका. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे. एका कागदावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा एक गठ्ठा व्हायचा, त्याला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या ढिगावर एकेक बाई बसून ते एकावर एक ठेवत जायची, मग शिवले की पुस्तक. मावशींचं मुख्य काम घडी घालायचं. हातात हाडाची एक गुळगुळीत पट्टी असायची, तिने घडी दाबायची. एकतीस वर्षांत ती पट्टी झिजून पिंपळपानासारखी पातळ झाली होती आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला मावशींना खपत नसे.

आता एका फर्म्याची घडी घातली की वर दिसतं ते पहिलं पान आणि पालथं घातलं की शेवटचं. मधली चौदा पानं पोटात. "मी वाचत नाही हो," मावशी सांगायच्या, "मला वाचायला वेळ कुठे? पण दिवसाला हजार वेळा एकाच पानावर नजर पडली तर ते पान जाईल कुठे?" अशा रीतीने मावशींनी एकतीस वर्षांत शेकडो पुस्तकांची पहिली आणि सोळावी, सतरावी आणि बत्तिसावी पानं पाठ केली होती. मधलं काही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. काविळीची सगळी लक्षणं त्यांना येत होती, उपाय येत नव्हता. चंद्रावर जाण्याबद्दल त्या अधिकारवाणीने बोलत, परतीबद्दल बोलत नसत. रहस्यकथांमध्ये त्यांनी दीडशेच्या वर खून होताना पाहिले, पण एकही खुनी पकडलेला पाहिला नाही, कारण शेवटच्या पानावर प्रकाशकाची जाहिरात असे. त्यांचे यजमान शिंपी होते. ते गिऱ्हाइकांना सांगत, "आमची बायको बोलता बोलता मध्येच थांबली तर घाबरू नका. फर्मा संपला असेल."

आणि दरवर्षी, न चुकता, राज्यघटनेची एक पुस्तिका त्यांच्या टेबलावर येत असे. शासन ती फुकट वाटायचं. अठ्ठेचाळीस पानं, तीन फर्मे. पहिल्या फर्म्यात नागरिकांचे हक्क. दुसऱ्यात शासनाने कारभार कसा करावा याची मार्गदर्शक तत्त्वं. तिसऱ्यात नागरिकांची कर्तव्यं, शिकवणीसाठी चित्रांसकट. अक्षराचा फरक न करता हीच पुस्तिका एकतीस वर्षं छापली जात होती. त्यामुळे मावशींचं घटनेचं ज्ञान पक्कं होतं, फक्त सहा पानांचं होतं.

मग दर सोमवार मावशींचा ठरला. जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत उरकून त्या खिडकीशी हजर. अर्ज तोच, तारीख नवी. कारकून त्यावर 'आवक' शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि मागच्या अर्जाचं उत्तर द्यायचा: "आपला अर्ज विचाराधीन आहे."

"कुणाच्या विचाराधीन?"

"वरच्या."

"वरचे विचार करतात?"

"करत असावेत, मावशी."

"मग त्यांना म्हणावं, घाई करू नका. आम्ही अकरा जणी आहोत, थोपवून धरायची सवय आहे. सकाळपासून पाणी पीत नाही कुणी. दोघींना मूतखडे झालेत, म्हणजे शासनाचा पाया भक्कम आहे."

कार्यालयात त्यांचं नाव 'उपकलम मावशी' पडलं. त्या दिसल्या की दोन नंबरची खिडकी तीन नंबरला कोपराने ढोसायची, "आलं बघ तुझं उपकलम." कारकून हसायचा, पण ते अर्धं वाक्य त्याच्या डोक्यात माशीसारखं फिरायला लागलं होतं. बसमध्ये, दाढी करताना, साहेब बोलत असताना. यासाठी शासन... काय? देईल? पाहील? बघून घेईल? शेवटी एका दुपारी त्याने कार्यालयात ती पुस्तिका शोधायला घेतली. ती मिळाली. फायलींच्या कपाटाचा डुगडुगणारा पाय सरळ राहावा म्हणून त्याखाली घातलेली होती. ती काढल्यावर कपाट कललं, आणि कललेलंच राहिलं.

पुढच्या सोमवारी त्याने मावशी खिडकीशी येण्याआधीच हाक मारली. "मावशी, सापडलं! अठरावं पान!"

मावशींचा हात पाकिटावर थबकला. "काय आहे रे?" 'तुम्ही'वरून त्या 'तू'वर कधी आल्या, दोघांनाही कळलं नाही.

"'यासाठी शासन प्रयत्नशील राहील.'"

मावशींनी पाकीट फळीवर ठेवलं. "एवढंच?"

"एवढंच."

"एकतीस वर्षं मला वाटत होतं, 'देईलच' असेल. नाही तर 'दिलेच पाहिजे' तरी. प्रयत्नशील! आमचा जावईसुद्धा प्रयत्नशील आहे, दोन वर्षं झाली, अजून नळ गळतोय."

कारकुनाने पुस्तिकेची प्रस्तावना वाचून ठेवली होती, त्यामुळे त्याला आयुष्यात प्रथमच कुणाला काही समजावून सांगायची संधी होती. त्याने ती सोडली नाही. "असं आहे मावशी, पहिल्या फर्म्यातले हक्क मोडले तर तुम्हाला कोर्टात जाता येतं. दुसऱ्या फर्म्यातली तत्त्वं म्हणजे शासनाला दिलेल्या सूचना. ती पाळली नाहीत म्हणून कोर्टात ओढता येत नाही. पण कारभार करताना ती डोळ्यांसमोर ठेवणं हे शासनाचं कामच आहे, असं सुरुवातीलाच लिहिलंय."

"म्हणजे ओढता येत नाही."

"नाही."

"पण आठवण करून देता येते."

"ती... हो. ती देता येते."

"झालं तर मग," मावशींनी पाकीट काखेत मारलं. "पुढच्या सोमवारी येते."

त्या रविवारी सकाळी कारकुनाने बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं. तिला हसू येईल म्हणून त्याने मावशींच्या आवाजाची नक्कलही केली. बायको शिलाई मशिनवर उशीचे अभ्रे शिवत होती. ती हसली नाही.

"कुलूप कुणी लावलंय?" तिने विचारलं.

"कार्यालयाने. उद्घाटन व्हायचंय ना अजून. पाहुण्यांची तारीख मिळाली नाही. मग पाहुणे बदलले. आता कोनशिलेवर जुन्या पाहुण्यांचं नाव आहे, ती बदलायची फाईल चालू आहे."

"आणि किल्ली?"

"असेल कुणाकडे तरी."

"कुणाकडे तरी म्हणजे कुणाकडे?"

"आता ते फाईल बघून सांगावं लागेल."

"तुमच्या कार्यालयात बायकांसाठी आहे ना सोय?"

"आहे की. पहिल्या मजल्यावर."

"उघडी असते?"

"म्हणजे काय!"

बायकोने मशिनचं चाक हाताने थांबवलं आणि त्याच्याकडे एकदा पाहिलं. एवढंच. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तो नजरेचं पूर्ण वाक्य वाचू शकत होता, आणि ते सतराव्या पानावर संपत नव्हतं.

सोमवारी तो अर्धा तास आधी गेला. स्वच्छतागृहाची, म्हणजे कागदोपत्री इमारत क्रमांक चौदाची, फाईल काढली. शेवटच्या पानावर नोंद होती: किल्ली आवक-जावक विभागाच्या ताब्यात.

आवक-जावक विभाग म्हणजे तो स्वतः. दुसरं कुणी नव्हतंच.

त्याने आपला ड्रॉवर उघडला. आत, जिथे ती रोज असे तिथेच, लाकडी चकती बांधलेली एक पितळी किल्ली होती. चकतीवर १४ असा आकडा होता. हा आकडा कसला, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. साडेपाच वर्षं तो तिच्या टोकाने शाईच्या डब्याचं झाकण उचकटत होता. आणि त्याच शाईने दर सोमवारी मावशींच्या अर्जावर शिक्का मारत होता.

त्या दिवशी मावशी आल्या तेव्हा त्याने किल्ली खिडकीच्या फळीवर ठेवली आणि जे होतं ते सांगून टाकलं. आता आपल्या अंगावर आकाश कोसळणार म्हणून त्याने खांदेही आवळून घेतले.

मावशींनी किल्ली बघितली. हात लावला नाही. "वाकलीये," त्या म्हणाल्या.

"डब्याने."

"मी उचलून नेली तर चोरी. तू आपण होऊन दिलीस तर तुझी नोकरी. साहेबाने द्यायला सांगितली तर कारभार." त्यांनी ती बोटाने त्याच्याकडे परत सरकवली. "साहेबाला विचार."

कारकुनाने सगळं धैर्य एकवटून विचारलं. धैर्य गोळा व्हायला गुरुवार उजाडला. साहेब दात कोरत होते. ते स्वभावाने वाईट नव्हते, फक्त त्यांना कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करायची भीती वाटे. "अरे, उद्घाटनाआधीच लोकांनी वापरलं तर पाहुणे काय वापरलेल्या संडासाचं उद्घाटन करणार? शोभेल का ते?" कारकुनाला 'शोभेल' म्हणायचं होतं. तो 'नाही साहेब' म्हणाला आणि किल्ली पुन्हा ड्रॉवरमध्ये गेली. शाईचा डबा मात्र त्याने त्यानंतर दातांनी उघडला.

आणि मग तो पुस्तिकेचा घोळ झाला.

त्या वर्षी कार्यालयाच्या आवारात पुस्तिकावाटपाचा कार्यक्रम होता. खुर्च्या दीडशे, माणसं चाळीस, म्हणून गल्लीतल्या बायकांना तासाभरासाठी बोलावून बसवलं होतं. मावशी तिसऱ्या रांगेत. त्यांच्याच बाइंडिंगखान्यातून आलेल्या तीनशे पुस्तिका टेबलावर रचलेल्या. साहेबांनी एक उचलली आणि चष्मा लावून कर्तव्यं वाचायला सुरुवात केली. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण करावं. बंधुभाव वाढवावा. झाडं, पाणी, प्राणी सांभाळावेत. चौकसपणे विचार करण्याची सवय ठेवावी. टाळ्या झाल्या. साहेबांना टाळ्यांची सवय नव्हती, त्यांना जोर चढला. त्यांनी पानं उलटली आणि पुढे वाचू लागले. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण करावं. बंधुभाव वाढवावा. झाडं, पाणी, प्राणी... पुन्हा शेवटपर्यंत. पुन्हा टाळ्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. साहेबांच्याही नाही.

फक्त तिसऱ्या रांगेत एक पावणेपाच फुटी बाई पांढरीफटक पडली होती.

कार्यक्रम संपल्यावर मावशी टेबलाशी आल्या. एक पुस्तिका उचलली, कण्याजवळचं कव्हर नखाने किंचित उचकटलं आणि आत डोकावल्या. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी चौकट छापलेली असते, दर फर्म्याला थोडी खाली. फर्मे नीट लागले असतील तर त्या चौकटी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरतात. इथे पहिली पायरी होती, दुसरी नव्हती आणि तिसरी दोनदा होती. दुसरी पुस्तिका पाहिली. तसंच. दहावी पाहिली. तसंच.

"काय झालं मावशी?" कारकून धावत आला.

"हक्क आहेत. कर्तव्यं दोनदा आहेत," मावशी म्हणाल्या. "शासन गेलं कुठे?"

"म्हणजे?"

"दुसरा फर्मा नाही रे. तत्त्वं नाहीत. तीनशे लोकांच्या घरी जाणार हे. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक पान इकडचं तिकडे गेलं नाही." त्या बाजूच्या खुर्चीत बसल्या. "आणि दुसऱ्या ढिगावर मीच होते."

कारकुनाने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "कुणाला कळलेलं नाही मावशी. गप्प बसा. पुढच्या वर्षी नवीन येतीलच."

"तुला कळलं ना? मला कळलं ना? दोन माणसं झाली की. आणखी किती लागतात चूक व्हायला?"

कळायला आठवडाच लागला. प्रभागातल्या एका निवृत्त शिक्षिकेने सवयीने पानांचे क्रमांक तपासले, सवयीनेच लाल शाईने पत्र लिहिलं आणि ते थेट मुख्य कार्यालयाला पाठवलं. मुख्य कार्यालयाने साहेबांना लिहिलं: आपल्या प्रभागात वाटलेल्या पुस्तिकांमधून शासनाची सर्व मार्गदर्शक तत्त्वे वगळण्यात आली असून नागरिकांची कर्तव्ये दुप्पट करण्यात आली आहेत. हे कोणाच्या आदेशाने? सात दिवसांत खुलासा करावा.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बाइंडिंगखान्याच्या मालकाला बोलावून घेतलं. मालक गळ्यात मफलर गुंडाळून, हात जोडतच आत आला. "साहेब, दुसऱ्या ढिगावरची बाई कामावर नव्हती. उठून गेली होती. तिला घरी बसवतो, तसा खुलासा लिहून देतो, माझं काम मात्र तोडू नका." साहेबांनी मान हलवली. प्रकरण मिटल्यासारखं दिसत होतं. कारकून दाराशी उभा होता. सोमवारी खिडकीशी कुणी येणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

पण सोमवारी मावशी आल्या. केस नेहमीपेक्षा घट्ट बांधलेले. "मालकाने आजचा दिवस दिलाय," त्या म्हणाल्या. "हा माझा खुलासा. मालक त्याचा देईल, हा माझा."

कारकुनाने वाचला. त्यात लिहिलं होतं:

'दुसऱ्या ढिगावर मी होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी उठले. जवळचं उघडं स्वच्छतागृह रुग्णालयात आहे. जायला बारा मिनिटं, यायला बारा, रांग अठरा. अकरा बावन्नला परत आले. तेवढ्या वेळात तिसऱ्या ढिगावरची बाई माझीही जागा सांभाळत होती. घाईत तिच्याकडून तिसराच फर्मा दोनदा लागला. तिला दोन हात आहेत, तिची चूक नाही. न्यायला गाडी येऊन थांबली होती म्हणून तो गठ्ठा कुणी तपासला नाही. मी तपासायला हवा होता, ही माझी चूक आहे. आमच्या टेबलापासून चाळीस पावलांवर इमारत क्रमांक चौदा आहे. तिला कुलूप आहे. किल्ली आपल्या कार्यालयात आवक-जावक विभागात आहे.'

खाली सही.

कारकुनाने कागद फळीवर ठेवला. शिक्का मारला नाही तर तो नुसता एक कागद होता. मारला तर त्याला क्रमांक पडणार, क्रमांक पडला की तो फाईलला लागणार आणि फाईल मुख्य कार्यालयात जाणार. शेवटच्या ओळीत त्याचाच विभाग होता. म्हणजे तोच होता. त्याला कर्जाचे हप्ते आठवले नाहीत, बढती आठवली नाही. त्याला शिलाई मशिनचं हाताने थांबवलेलं चाक आठवलं.

त्याने डबा दातांनी उघडला, शिक्का शाईत दाबला आणि असा हाणला की दोन नंबरच्या खिडकीतला चहा हिंदकळला.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग कारकुनाला बोलावलं.

"शिक्का मारलास?"

"मारला साहेब."

"क्रमांक पडला?"

"चार हजार दोनशे अठरा."

"अरे पण कशाला मारलास? ठेवायचास बाजूला!"

"कर्तव्य आहे ना साहेब," कारकून म्हणाला. "आपल्या पुस्तिकेत दोनदा छापलंय."

साहेबांनी दोन्ही बाजूंनी हिशेब केला. खुलासा वर पाठवला तर मुख्य कार्यालय विचारणार, कुलूप का? नाही पाठवला तर विचारणार, खुलासा कुठे? शेवटी त्यांना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी युक्ती सुचली. त्यांनी खुलाशाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'गैरहजेरीचे कारण दूर करण्यात आले आहे. संबंधित बाईंची चौकशी करण्याची किंवा त्यांना कामावरून काढण्याची आवश्यकता नाही.' आणि म्हणाले, "जा. दूर कर. आणि फोटो काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कारकून एकटाच किल्ली घेऊन इमारत क्रमांक चौदापाशी गेला. तिथे अकरा बायका रांगेत उभ्या होत्या. कोनशिलेवरचं मळकं कापड वाऱ्याने फडफडत होतं. त्याने किल्ली कुलपात घातली. ती फिरेना.

"जोर लाव की," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"लावतोय!"

"प्रयत्नशील आहे तो," मावशी म्हणाल्या आणि पुढे आल्या. त्यांनी किल्ली काढून घेतली, पायरीवर ठेवली आणि पिशवीतून पुस्तकाचा कणा गोल करायची हातोडी काढली. तीन टोले. शाईच्या डब्याने साडेपाच वर्षांत आणलेला बाक गेला. मग यजमानांच्या शिलाई मशिनच्या तेलाचे चार थेंब कुलपात सोडले. कुलूप एकदा कुरकुरलं आणि उघडलं.

आत सगळं नवं कोरं होतं, फक्त धुळीने माखलेलं. आरशावर अजून कागद चिकटवलेला होता. नळाला पाणी आलं, आधी तांबूस, मग स्वच्छ. तिसऱ्या ढिगावरची बाई सगळ्यांत पुढे होती, ती आत जाता जाता मागे वळून म्हणाली, "मावशी, आधी तुम्ही."

"जा गं. माझा फर्मा दुसरा आहे," मावशी म्हणाल्या, आणि खरोखरच दुसऱ्या नंबरावर उभ्या राहिल्या.

कारकून हातात उघडं कुलूप घेऊन उभा होता. त्याचं काय करायचं, याबद्दल कुठलाच आदेश नव्हता. त्याने ते कार्यालयात नेलं आणि उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलं.

तीनशे पुस्तिका परत मागवल्या, त्यातल्या दोनशे ब्याऐंशी आल्या. शिवणीच्या तारा काढून दुसरा फर्मा घालायचं काम मावशींनी एकटीने केलं. एक प्रत त्यांनी खिडकीशी आणून दिली, कपाटाच्या पायाखाली घालायला म्हणून. कारकुनाने ती घातली नाही. कपाट अजून कललेलंच आहे.

चौदा महिन्यांनी बाइंडिंगखान्यात घडी घालायचं यंत्र आलं आणि अकरापैकी नऊ बायकांना काढलं. त्यांत मावशी होत्या. इमारत क्रमांक चौदा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडी असते.